पडलं की ओढलं?

गोष्ट २०१९ सालच्या श्रावणातली. सकाळी साडेसातच्या सुमारास मी देवळातून घरी येत होते. मागून मोटरसायकलचा आवाज आला, मानेला काहीतरी चावल्यासारखं झालं आणि मी रस्त्याच्या कडेला मटकन खाली बसले. काय झालं हे कळेपर्यंत मोटरसायकल वळणाआड गेलीही होती. मागे बसलेल्या मुलाचा निळा शर्ट तेवढा दिसला. दोन पदरी मंगळसूत्र गेलं. मानेवर लांबलचक लाल वळ उठला आणि नखाचा ओरखडा रक्ताळला.

आमचे हे आणि मी, दोघं पोलीस ठाण्यात गेलो. (गाव आणि ठाणं कोणतं ते सांगत नाही, त्याने काही फरक पडत नाही.) समोर बसलेला हवालदार माझ्या मुलापेक्षाही लहान. त्याने पाणी दिलं, पंखा माझ्याकडे वळवला, अगदी आपुलकीने विचारपूस केली. मग म्हणाला, "आजी, नीट आठवा. नक्की ओढलं, की गर्दीत कुठे पडलं असेल?"

मी म्हटलं, "बाळ, सकाळी साडेसातला आमच्या गल्लीत कसली आलीय गर्दी? आणि हे मानेवर काय आहे?"

"तसं नाही आजी, गहाळ म्हणून दिलं की दाखला लगेच मिळतो. उगाच कोर्टकचेऱ्या, तुमचं वय..."

त्याने लिहिलेलं मी वाचायला मागितलं. जन्मभर दुसऱ्यांचं लिखाण तपासण्यात गेला, सवय जात नाही. कागदावर वाक्य होतं, "सदर महिलेच्या गळ्यातील मंगळसूत्र रस्त्यात कोठेतरी पडून गहाळ झाले." मी त्याला विचारलं, "या वाक्यात कर्ता कोण?" तो हसला. "आजी, तुम्ही शिक्षिका होतात का?" 

होते. आणि मराठीच शिकवत होते. म्हणूनच हे इतकं खोलवर लागलं. 'पडणे' अकर्मक क्रियापद. वस्तू आपली आपण पडते, कोणी काही केलेलं नसतं. 'ओढणे' म्हटलं की ओढणारा हवा, आणि ज्याचं ओढलं तोही हवा. माझ्या मानेवर वळ उमटवणारा मुलगा त्या एका क्रियापदाने वाक्यातून नाहीसा झाला होता. तो पकडला जाणं पुढची गोष्ट. कागदावर तो जन्मालाच आला नव्हता.

तासाभराच्या वादानंतर, साहेब आल्यावर, फिर्याद घेतली गेली. तीही भारतीय दंड संहितेच्या कलम ३७९ खाली, म्हणजे साधी चोरी. माझा एक जुना विद्यार्थी पोलीस खात्यातून सहायक फौजदार म्हणून निवृत्त झाला आहे. तो घरी आला तेव्हा कागद बघून म्हणाला, "बाई, हे तीनशे ब्याण्णव व्हायला हवं होतं. जबरी चोरी." मी म्हटलं, चोरी ती चोरीच ना? तर त्याने मला माझ्याच पद्धतीने शिकवलं. खिशातून पाकीट नकळत काढलं तर चोरी. ते काढण्यासाठी इजा केली, अडवून धरलं किंवा भीती घातली, तर जबरी चोरी. आणि ती करणारे पाच किंवा अधिक असले तर दरोडा. चोरीला तीन वर्षांपर्यंत शिक्षा, जबरी चोरीला दहा वर्षांपर्यंत. मानेवरचा ओरखडा इजा की नुसती झटापटीतली खूण, यावर वकील वाद घालतील. पण तो ओरखडा फिर्यादीत लिहिलाच नसेल तर वाद तरी कशावर घालणार? माझ्या फिर्यादीत तो नव्हता. मी दाखवला होता, त्याने पाहिलाही होता, "अरेरे" असं म्हणालाही होता. लिहायचं राहिलं.

आता हे सगळं इतक्या वर्षांनी का उगाळते आहे? कारण १ जुलै २०२४ पासून दंड संहिता जाऊन भारतीय न्याय संहिता आली आणि सगळ्या कलमांचे आकडे बदलले. ३७९ चं ३०३ झालं, ३९२ चं ३०९. आणि मध्ये कलम ३०४ नवं आलं, हिसकावण्याचं. अचानक, झटक्यात किंवा जबरीने हातातली, अंगावरची वस्तू खेचून नेणं. म्हणजे माझ्यासारख्या बायकांसाठी खास कलम म्हणायचं! आधी दोन खण होते, आता तीन झाले. शिक्षा मात्र चोरीइतकीच, तीन वर्षांपर्यंत. त्यामुळे ओरखडा लिहिला की नाही, याला आता जास्तच महत्त्व आलं. शिवाय चोरीचा माल पाच हजारांच्या आतला असेल तर तो गुन्हा आता अदखलपात्र. म्हणजे एखाद्या कॉलेजच्या पोराचा जुना मोबाईल चार हजार नऊशेचा धरायचा की पाच हजार शंभरचा, यावर पोलीस स्वतःहून तपास करणार की नाही हे ठरणार. आणि ती किंमत लिहिणार कोण? तर तोच, समोर बसलेला हवालदार.

आपण गुन्हेगारीबद्दल बोलतो तेव्हा न्यायाधीश, वकील, मोठे साहेब यांच्याबद्दल बोलतो. पण गुन्ह्याचं बारसं होतं ते ठाणे अंमलदाराच्या टेबलावर. तिथे जे नाव पडलं ते पुढे बदलता येतं, कायद्याने कलम वाढवता येतं, कमी करता येतं. पण किती वेळा बदलतं? शाळेत पहिलीत दाखल करताना जन्मतारीख चुकली तर ती दुरुस्त करायला किती खेटे घालावे लागतात हे ज्यांना ठाऊक आहे, त्यांना मी काय म्हणते ते कळेल.

आणि तो कागद त्या ठाण्यात राहत नाही. तो जिल्ह्याला जातो, राज्याला जातो आणि शेवटी दिल्लीला राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाकडे जातो. हा विभाग १९८६ साली स्थापन झाला, पण देशातल्या गुन्ह्यांचा वार्षिक अहवाल त्याच्याही आधीपासून, १९५३ पासूनचा आहे. त्यात एक नियम आहे. एका फिर्यादीत अनेक गुन्हे असले तर त्यातला सर्वांत गंभीर तेवढा मोजायचा. नियम ठीकच आहे, नाहीतर एकच घटना चार ठिकाणी मोजली जाईल. पण गंभीर कलम मुळात लावलंच नसेल तर? मग वर जातो तो हलका गुन्हा. आणि मग आपण पेपरात वाचतो, अमुक शहरात जबरी चोऱ्या घटल्या.

आकड्यांचं हे प्रकरण किती दूर जातं त्याचं एक उदाहरण आपल्या महाराष्ट्राच्या जिव्हाळ्याचं आहे. गुन्ह्याचं नाही, पण त्याच टेबलावरचं. आत्महत्येची नोंद पोलीसच करतात आणि त्या फॉर्मात 'व्यवसाय' असा रकाना असतो. २०१३ च्या अहवालात शेती करणाऱ्यांच्या आत्महत्या ११,७७२ होत्या. २०१४ साली रकाने बदलले, शेतकरी वेगळे आणि शेतमजूर वेगळे केले. शेतकऱ्यांचा आकडा झाला ५,६५० आणि शेतमजुरांचा ६,७१०. ज्याला घाई होती त्याने वाचलं, शेतकरी आत्महत्या निम्म्यावर आल्या! वेगळे रकाने करण्यात वाईट काही नाही, दोघांची दुःखं वेगळी आहेत. पण मग रकाना भरणाऱ्याला कोणी बसवून शिकवायला नको का, की बटाईने जमीन कसणारा कुठे घालायचा? स्वतःची दीड एकर असून दुसऱ्याच्या बांधावर रोजाने जाणारा कुठे? आणि सातबारावर नाव नसलेली, पण पेरणीपासून मळणीपर्यंत राबणारी बाई? तिच्यासाठी 'गृहिणी' हा रकाना तयारच असतो. शेतात राबून गेलेली बाई कागदावर चूल सांभाळून जाते.

असो. मूळ मुद्द्याकडे येते.

आमच्याकडे पोळ्या करायला एक बाई येतात. (त्यांना विचारूनच लिहिते आहे.) २०१८ साली एकदा सुजलेल्या ओठाने आल्या. ठाण्यात जाऊन आल्या होत्या, हातात एनसीचा कागद होता. अदखलपात्र नोंद. कलमं तीच, जी निम्म्या महाराष्ट्राला पाठ आहेत, ३२३, ५०४, ५०६. आणि मजकूरही पाठ असावा असाच, "किरकोळ कारणावरून शिवीगाळ करून हाताबुक्क्यांनी मारहाण केली व दमदाटी केली." मी त्यांना विचारलं, मारलं कशाने? त्या म्हणाल्या, पान्याने. गाडीचे नट आवळायचा लोखंडी पाना. आणि दात? खालचा एक पडला.

बघा, पुन्हा 'पडला'!

मी त्या वेळी माझ्या विद्यार्थ्याला फोन केला होता. तो म्हणाला, बाई, हाताने मारलं तर ३२३, हत्याराने मारलं तर ३२४ आणि तो दखलपात्र. दात तुटला किंवा उखडला तर ती कायद्याने गंभीर दुखापत, मग ३२५ किंवा ३२६. म्हणजे तृतीया विभक्तीचा एक प्रत्यय! 'हाताने' की 'पान्याने', एवढ्यावर पोलीस घरी येणार की कागद हातात देऊन "कोर्टात जा" म्हणणार, हे ठरत होतं. आणि तो प्रत्यय त्या कागदावर आला कसा? बाईंनी सांगितला म्हणून नव्हे. तो छापील वाक्यातच होता. 'हाताबुक्क्यांनी' हा शब्द तिथे आधीपासून बसलेला असतो, फक्त नावं बदलायची. मुलं निबंधाच्या गाईडातून 'माझी आई' उतरवतात ना, तसंच. पन्नास पोरांची आई पहाटे पाचला उठते आणि सडा घालते, मग ती कारखान्यात रात्रपाळी करत का असेना.

लालितपणाने लिहा असं मी म्हणत नाही. पोलिसांची भाषा ठराविक असते आणि त्याला कारणही आहे. "संमतीवाचून, लबाडीच्या इराद्याने" ही शब्दयोजना उगाच नाही, चोरीच्या व्याख्येतच ती अट आहे. ठराविक वाक्यं कामाची असतात. पण आधी घटना ऐकायची, मग तिला बसेल ते वाक्य शोधायचं. उलटं केलं की घटनेचे हातपाय कापावे लागतात.

तर मग हे शिकवायचं कसं? माझ्या विद्यार्थ्याचं म्हणणं असं की नवे कायदे आले तेव्हा प्रशिक्षणं पुष्कळ झाली. कुठे जुना आकडा, समोर नवा आकडा असे तक्ते आले, मोबाईलवर ॲप आली. "बाई, आमच्या पोरांना नवे पाढे पाठ करायला लावले," तो म्हणाला. पाढे हवेतच. पण ज्याला गुणाकार कुठे करायचा आणि भागाकार कुठे हेच कळत नाही, त्याला एकोणतीसचा पाढा येऊन काय उपयोग?

मी दहावीचे पेपर अनेक वर्षं तपासले. तिथे बोर्डाची एक चांगली पद्धत होती. पेपर सुरू करण्याआधी परीक्षकांची बैठक व्हायची. नमुना उत्तरं समोर असायची. एकच उत्तरपत्रिका सगळ्यांनी तपासायची आणि मग आकडे फळ्यावर लिहायचे. एकाने निबंधाला आठात सहा दिलेले, दुसरीने तीन! मग जी भांडणं व्हायची... पण त्या भांडणातूनच कळायचं की आपण नेमकं कशाला गुण देतो आहोत. आणि नंतर नियामक आमच्या तपासलेल्या गठ्ठ्यातून काही पेपर काढून पुन्हा बघायचे. कुणाचा हात सैल, कुणाचा आखडता, लगेच कळायचं. यात अपमान वाटून घ्यायचा प्रश्न नव्हता, ती कामाची रीतच होती.

हे पोलीस ठाण्यांसाठी करता येणार नाही का? खऱ्या तक्रारी घ्या, नावंगावं काढून टाका. तीसेक पुरेत. मंगळसूत्राची एक, पान्याची एक, हरवलेल्या मोबाईलची एक, शेजाऱ्याच्या बांधाच्या भांडणाची एक. प्रत्येक अंमलदाराने, आणि संगणकावर नोंद करणाऱ्यानेही, स्वतंत्र बसून ठरवायचं, दखलपात्र की अदखलपात्र, कलम कोणतं आणि का. मग फळ्यावर लिहायचं. जिथे सगळ्यांचं एकमत झालं ते सोडून द्या. जिथे दहा जणांनी चार वेगळी कलमं लिहिली तिथे दिवसभर थांबा. आणि पहिला तास कायद्याचा ठेवूच नका. पहिला तास फक्त वाचनाचा. कोणी केलं, काय केलं, कशाने केलं, त्याने काय झालं. चार प्रश्न. सहावीच्या उताऱ्याखाली असतात तसे. त्यातलं एखादं उत्तर तक्रारीत नसेल तर पेन खाली ठेवून समोरच्या माणसाला विचारायचं. दाखल करताना संगणकावर मुख्य शीर्ष आणि उपशीर्ष निवडावं लागतं म्हणे. तिथे चुकीची ओळ निवडणं फारच सोपं, यादी लांब असते आणि मागे रांग उभी असते. मी तर रेल्वेचं तिकीट काढतानासुद्धा चुकीचं स्टेशन निवडते.

आता कोणी म्हणेल, बाई भोळ्या आहेत. हवालदाराला काय कळत नव्हतं? त्याला चांगलं कळत होतं. गहाळ लिहिलं की ठाण्याचा गुन्ह्यांचा आकडा वाढत नाही, महिन्याच्या बैठकीत साहेबांना उभं राहावं लागत नाही.

हे खरं आहे आणि ते मी नाकारत नाही. साऱ्या जगात हे झालेलं आहे. इंग्लंडात २०१४ साली पोलिसांवर देखरेख करणाऱ्या निरीक्षकांनी तपासणी केली. लोकांनी कळवलेल्या गुन्ह्यांपैकी जवळजवळ १९ टक्के गुन्हे नोंदलेच गेले नव्हते, म्हणजे वर्षाला आठ लाखांहून जास्त. त्याच वर्षी जानेवारीत पोलिसांच्या गुन्हे आकडेवारीचा अधिकृत विश्वासार्हतेचा दर्जाही काढून घेतला होता. अमेरिकेत लॉस एंजेलिसच्या एका वर्तमानपत्राने २०१४ मध्येच शोधून काढलं की वर्षभरात सुमारे १,२०० हिंसक गुन्हे किरकोळ म्हणून नोंदले गेले होते. पण मला महत्त्वाचं वाटलं ते पुढचं. इंग्लंडातल्या त्या निरीक्षकांनी कारणं दिली त्यात वरचा दबाव तर होताच, पण नियमांचं अज्ञान, कामाचा ताण आणि कोणी तपासून न बघणं हीही होती. म्हणजे सगळेच लबाड नव्हते. आणि तिथे प्रत्येक पोलीस दलात गुन्ह्यांच्या नोंदीचा एक निबंधक असतो. कोणता गुन्हा कुठे मोडतो यात त्याचा शब्द शेवटचा, आणि तो गुन्ह्याचा आकडा खाली आणायची जबाबदारी ज्यांच्यावर आहे त्यांच्या हाताखाली नसावा असा नियम आहे. आमचे नियामकही आमच्या शाळेचे नसायचे, ते याचसाठी.

आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांनी १२ नोव्हेंबर २०१३ रोजी ललिता कुमारी खटल्यात स्पष्ट सांगितलं की दखलपात्र गुन्हा दिसत असेल तर फिर्याद नोंदवणं बंधनकारक आहे. आधी चौकशीची मुभा काही मोजक्याच प्रकारांत. (नव्या कायद्याने तीन ते सात वर्षांच्या आतल्या शिक्षेच्या गुन्ह्यांत चौदा दिवसांच्या प्राथमिक चौकशीची वाट थोडी रुंद केली आहे, वरिष्ठांच्या परवानगीने. म्हणजे इथेही हलकं कलम लागलं की वाट मोकळी.) त्याच वर्षी मे महिन्यात त्याच न्यायालयाने सांगितलं होतं की मूल हरवल्याची तक्रार आली तर अपहरण समजूनच गुन्हा नोंदवा. तोवर ती मुलं 'मिसिंग'च्या वहीत असायची. 'हरवला' हेही पडण्यासारखंच, करणारा नसलेलं क्रियापद. असे आदेश पाळले की अपहरणाचे आकडे वाढणारच. मग लगेच ओरड होते, मुलं पळवणाऱ्या टोळ्या वाढल्या! राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग स्वतःच्या अहवालात बजावतो की गुन्हे वाढणं आणि गुन्ह्यांची नोंद वाढणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ते वाचतो कोण? ज्या ठाण्याने इमानदारीने लिहिलं त्याच्याच साहेबाला आपण जाब विचारतो. आपणच, वर्तमानपत्र वाचणारे.

म्हणून दबाव आहे तोवर प्रशिक्षण फुकट, हे मला पटत नाही. ज्याला लबाडीच करायची आहे त्याला शिकवून उपयोग नाही हे खरं. पण टेबलावरच्या त्या तरुण पोराला वरून फोन आला तर "साहेब, मानेवर ओरखडा आहे, नियमाने हे असंच येतं" असं म्हणायला हातात काहीतरी लेखी हवं ना? नियम नीट माहीत असलेल्या माणसालाच नाही म्हणता येतं. 

हे मी कुठल्या अधिकाराने बोलते? एक गोष्ट सांगायची आहे. बरेच दिवस लिहू की नको असं चाललं होतं.

१९८७ साली मी एका गावातल्या शाळेत वर्गशिक्षिका होते. आठवीतली एक मुलगी दिवाळीनंतर आली नाही. हुशार होती, विशेषतः गणितात. डिसेंबरात तिचे वडील दाखला मागायला आले. बरोबर मामा होता, पेढे होते. मी पेढा घेतला. मुलगी चौदा वर्षांची होती आणि मुलीच्या लग्नाचं वय अठरा झालेलं तेव्हा नऊ वर्षं होऊन गेली होती. दाखल्यावर 'शाळा सोडण्याचे कारण' असा रकाना असतो. मी लिहिलं, "पालकांच्या विनंतीवरून." सगळे तेच लिहायचे. मुख्याध्यापकांनी सही केली, शिक्का मारला. माझं अक्षर तेव्हा फार सुंदर होतं.

कोणीही माझ्यावर दबाव आणला नव्हता. आकडा कमी दाखवायचा नव्हता, बैठकीत उभं राहायचं नव्हतं. तो रकाना तसाच भरायचा असतो एवढंच मला माहीत होतं. तिचं खरं कारण लिहायची सोय आहे, तसं लिहिणं माझं काम आहे, हे मला कोणी सांगितलं नाही आणि मी विचारलंही नाही. त्या हवालदारावर मी चिडले होते तेव्हा घरी येऊन झोप लागली नाही ती मंगळसूत्रासाठी नाही.

मंगळसूत्र मिळालं नाही. तपास बंद झाल्याचं पत्र आलं, तेही नीट ठेवलं आहे.

आमच्या पोळ्यावाल्या बाईंवर मागच्या वर्षी पुन्हा तीच पाळी आली. या वेळी मी बरोबर गेले. जाण्याआधी घरी चहा पिताना त्यांना सगळं एकदा सांगायला लावलं, कोणी, कशाने, कुठे, काय झालं. पढवलं नाही हो, फक्त विचारलं. ठाण्यात एक तरुण मुलगी होती टेबलावर, पोलीस शिपाई. तिने सगळं ऐकून घेऊन टाईप केलं आणि आपण होऊन संगणकाचा पडदा आमच्याकडे वळवला. "वाचून बघा." बाईंना वाचता येत नाही, मी मोठ्याने वाचलं. 'लाकडी दांड्याने' होतं. ठिकाण होतं, वेळ होती. शेवटी मात्र, "त्यामध्ये फिर्यादीचा एक दात पडला."

मी तिच्याकडे पाहिलं. ती माझ्याकडे. मग बाईच म्हणाल्या, "पडला नाही ताई. पाडला."

तिने एक अक्षर बदललं. मग जरा थांबली, खणातून तक्त्याचं पुस्तक काढलं, पानं उलटली आणि आत जाऊन साहेबांना विचारून आली. दवाखान्यासाठी यादी लिहून दिली, सरकारी इस्पितळात जाऊन दाखवून या म्हणाली, कलम त्यानंतर पक्कं होईल. आम्हाला निघायला दुपारचे अडीच वाजले. प्रिंटरमध्ये कागद अडकला होता.